नागपूरच्या धंतोलीतलं दातांचं एक्स-रे सेंटर: घाई नाही, बळजबरी नाही

लेकीचा वरचा पटाशीचा एक दात येऊन वर्ष उलटलं, तरी शेजारचा आलाच नव्हता. तिथे दुधाचाच दात बसलेला. वय ९. नातेवाइकांचं ठरलेलं उत्तर होतं, "येईल गं, काय घाई आहे?" पण हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, आणि एका बाजूचा येऊन सहा महिने झाले तरी जोडीदार आला नाही तर फोटो काढून बघावाच लागतो. आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी तेच सांगितलं आणि धंतोलीतल्या या सेंटरची चिठ्ठी दिली.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा फोटो, काढून झाला होता. तो मॅडमच्या उपयोगाचा नव्हता. ओपीजीचं मशीन डोक्याभोवती फिरतं आणि एका ठरावीक पट्ट्यात आलेलंच स्पष्ट टिपतं. समोरच्या दातांपाशी हा पट्टा सगळ्यात अरुंद असतो, त्यामुळे हनुवटी थोडी पुढे-मागे झाली तरी नेमके तेच दात पुसट येतात. तसंच झालं होतं. शिवाय जीभ टाळूला लावायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून वरच्या मुळांवर काळा पट्टा आलेला. आणि कानातले तसेच! एका कानातल्याची धूसर सावली पलीकडच्या बाजूला, जरा वर, पांढऱ्या डागासारखी उमटली होती. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे ती सावली कुठून आली हे मला कळलं. दुसरी एखादी आई तो डाग बघून रात्रभर झोपली नसती.

इथे आत गेल्यावर पहिला प्रश्न होता, "जुना फोटो आहे का?" तो बघून इथल्या डॉक्टरांनी पुन्हा ओपीजी नको म्हटलं, समोरच्या भागाचे दोन छोटे फोटो पुरतील. याला आयओपीए म्हणतात. एका फोटोत तीन-चार दात मुळाच्या टोकापर्यंत आणि आजूबाजूच्या हाडासकट दिसतात.

टेक्निशियन ताईंचं काम मी जवळून पाहिलं. लेकीच्या गळ्याला एक्स-रे अडवणारी थायरॉइड कॉलर बांधली, तसाच एप्रन घातला. तोंडात ठेवून फोटो टिपणारा मोठा सेन्सर तिच्या टाळूला टोचला असता, म्हणून लहान आणला. तो होल्डरमध्ये बसवून दातांना समांतर राहील असा धरला, कारण कोन चुकला की दात आखूड किंवा लांबुडका दिसतो आणि मुळाची लांबी फसवी येते. पोरीला उमासे यायला लागले तसं ताई म्हणाल्या, "बेटा, नाकाने श्वास घे आणि पायाचा अंगठा हलवत राहा, मला दिसला पाहिजे." ती अंगठ्याकडे लक्ष देत बसली आणि फोटो निघाला. दोन्ही पहिल्याच वेळी नीट आले.

दुसरा फोटो एक्स-रेची ट्यूब जराशी बाजूला सरकवून काढतात. का, ते डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, आणि हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच. पहिल्या फोटोत हाडात अडकलेला पटाशीचा दात दिसत होता आणि त्याच्या वाटेत सुळक्यासारखा टोकदार, इवलासा एक जास्तीचा दात. मेसिओडेन्स म्हणतात त्याला, जास्तीच्या दातांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आता तो ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या? सपाट फोटोत खोली कळत नाही. नाकासमोर दोन बोटं मागेपुढे धरा, एक डोळा मिटा आणि डोकं उजवीकडे न्या. मागचं बोट पुढच्याच्या मानाने उजवीकडे सरकल्यासारखं दिसतं. इथे डोळ्याच्या जागी ट्यूब. जास्तीचा दात ट्यूबबरोबर त्याच दिशेला सरकला, म्हणजे तो आत, टाळूकडे. सर्जनला टाळूकडून जावं लागेल हे दोन छोट्या फोटोंवरून ठरलं.

मग मी विचारलं, सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन, करूनच घ्यायचा का? मशीन तिथेच आहे, डॉक्टर हो म्हणाले असते तर मी पैसे भरले असते. ते म्हणाले, "सर्जनला गरज वाटली तर तेव्हा करू. लहान मुलाला उगाच जास्त डोस कशाला?" एका छोट्या फोटोतलं रेडिएशन आपल्याला निसर्गातून दिवसभरात मिळतं साधारण तेवढं किंवा त्याहून कमी असतं. सीबीसीटीचं त्याच्या कितीतरी पट असू शकतं. विकायला मशीन असताना नको म्हणणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या आईचा जुना फोटोही पिशवीत होता. खालच्या उपदाढेच्या मुळाशी काळा गोल, आणि एका ठिकाणी "पू झालाय, रूट कॅनाल करा" असं सांगितलेलं. इथे डॉक्टरांनी फोटो मोठा करून मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ दाखवली. ती टोकापर्यंत अखंड होती. पू झाला असता तर ती तुटली असती. तो गोल म्हणजे जबड्यातून नस बाहेर पडायचं नैसर्गिक छिद्र, आणि ते नेमकं तिथेच असतं. तरी फोटोवरून निकाल न देता त्यांनी आईला मॅडमकडे नेऊन दात थंडाला प्रतिसाद देतो का ते तपासायला सांगितलं. दिला. दात जिवंत आहे, रूट कॅनाल टळला. या सल्ल्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता खटकलेलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो आणि फक्त इंग्रजीत. आईसारख्या माणसांसाठी चार ओळी मराठीत लिहायला काय हरकत आहे? फोटो साध्या कागदावर छापून देतात, त्यात करड्या रंगाच्या छटा मरतात आणि बारीक रेघा दिसत नाहीत, म्हणून मूळ फाइल मागून घ्या. मागितली की देतात, आपणहून देत नाहीत. दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करावा. धंतोलीत गाडी लावायचं तर नावच काढू नका, काँग्रेसनगर मेट्रोला उतरून चालत जा.

पैशाचा प्रश्न असेल तर मेडिकल कॉलेजजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. तिथे दातांच्या एक्स-रेचा स्वतंत्र विभाग आहे, फक्त सकाळ रांगेत जाईल असं धरून निघा.

या सेंटरला संध्याकाळी फार गर्दी असते, मुलांना सकाळी न्या. जुने फोटो असतील ते सगळे सोबत घ्या, आणि कानातले, नाकातली चमकी, क्लिपा घरीच काढून ठेवा.