एमआयबीजी की गॅलियम? ॲड्रिनलच्या गाठीसाठी आणि हृदयासाठी कुठला स्कॅन

दादा कुळागरात पडलेली सुपारी वेचायला वाकला की त्याला ते व्हायचं. चेहरा पांढराफटक, कपाळावरून घामाच्या धारा, छातीत घण पडावेत तशी धडधड. वहिनी बीपी मोजायची तर यंत्रावर २२०. अर्ध्या तासाने माणूस पुन्हा नेहमीसारखा, पेज जेवायला बसलेला. एका दवाखान्यात दोन वर्षं त्याला टेन्शनच्या गोळ्या दिल्या. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण रक्तातली मेटानेफ्रिन्स, म्हणजे ॲड्रेनलिनसारख्या रसायनांपासून तयार होणारी द्रव्यं, एकदा मोजली असती तरी पुरलं असतं. शेवटी ती मोजली तेव्हा कितीतरी पट वाढलेली निघाली आणि सीटीमध्ये मूत्रपिंडावर बसलेल्या उजव्या ॲड्रिनल ग्रंथीवर गाठ दिसली. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात ओतणारी गाठ.

त्यानंतर आमच्यापुढे जो पेच होता तो आज गोव्यातल्या आणखी कुणाच्या घरात असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निर्णय डॉक्टरच घेतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तरी आपल्याला ठाऊक असावं.

पहिला प्रश्न असा की किरणोत्सारी स्कॅन, म्हणजे गाठीत जाऊन बसणारं किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं चित्र, हवाच आहे का? गाठ एकच आणि लहान, सीटीत स्पष्ट दिसणारी, रुग्ण चाळिशी ओलांडलेला, घरात कुणाला असा आजार नाही, आणि रक्ताचा रिपोर्ट ॲड्रेनलिनकडे झुकणारा असेल, तर पुष्कळदा सर्जन थेट शस्त्रक्रियेची तयारी करतात. गाठ मोठी असेल, ॲड्रिनलच्या बाहेर असेल, एकाहून जास्त असतील, पसरल्याची शंका असेल किंवा घराण्यात आजार असेल, तर मात्र सगळं शरीर पाहावं लागतं. आमच्या वडिलांच्या मानेत, जबड्याखाली, बरीच वर्षं एक गाठ होती. तिला कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. एसडीएचडी नावाच्या जनुकातला दोष वडिलांकडून आला तरच सहसा आजार उठतो, आणि त्यात मानेतल्या गाठी नेहमीच्याच, असं त्यांनी समजावलं. म्हणून आम्हाला स्कॅन हवाच होता.

आता कुठला ते. अशी तीन औषधं आहेत. गाठीची पेशी म्हणजे एक कारखाना समजा. एमआयबीजी त्याचं गोदाम दाखवतं. हा रेणू नॉरॲड्रेनलिनसारखा दिसतो, म्हणून पेशी त्याला आपलाच माल समजून आत ओढते आणि साठवून ठेवते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डोनाल्ड वीलँड आणि विल्यम बायरवॉल्टिस यांच्या गटाने तो घडवला, आणि १९८१ साली फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णांमधल्या गाठी त्याने पहिल्यांदा दाखवल्या. गॅलियम डोटाटेट किंवा डोटानॉक हे दारावरचं कुलूप शोधतं, म्हणजे सोमॅटोस्टॅटिन नावाचं संप्रेरक जिथे चिकटतं ते पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर. तिसरं फ्लोरोडोपा. ते कारखान्यात जाणारा कच्चा माल दाखवतं.

एकाच गाठीचं गोदाम रिकामं असू शकतं आणि दारावर कुलपं मात्र भरपूर. एसडीएच जनुकांच्या (एसडीएचडी त्यांतलंच एक) दोषातून झालेल्या गाठींचं बहुधा असंच असतं. एमआयबीजी त्यांतल्या बऱ्याच चुकवतं, गॅलियमवर त्या लखलखीत दिसतात. पसरलेला आजार आणि मानेतल्या गाठी यांसाठीही गॅलियमलाच पहिली पसंती. उलट, ॲड्रिनलमधली साधी, आनुवंशिक नसलेली गाठ असेल तर युरोपीय-अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात फ्लोरोडोपा पुढे आहे, कारण निरोगी ॲड्रिनलसुद्धा गॅलियम बऱ्यापैकी घेते आणि बारीक गाठ त्या उजेडात हरवू शकते. मग एमआयबीजी जुनं झालं म्हणून सोडून द्यायचं का? नाही. आयोडीन १३१ लावलेल्या एमआयबीजीनेच मोठ्या मात्रेत उपचारही करता येतो, आणि तो लागू पडेल का हे आधी स्कॅनवर गाठ उजळते का त्यावरून कळतं. त्या उपचाराचा विचार असेल तिथे या स्कॅनला पर्याय नाही.

आम्हा गोवेकरांसाठी यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे अंतर. मी हिशेब मांडला मांडवी एक्सप्रेसचा. मडगावहून मुंबई साधारण बारा तास. आयोडीन १३१ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, ८ दिवस, म्हणजे बारा तासांनीही ९६ टक्के शिल्लक. एमआयबीजीला लावता येणाऱ्या आयोडीन १२३ चं १३ तास, निम्म्याहून थोडं जास्त उरेल. फ्लोरोडोपातल्या फ्लोरिन १८ चं ११० मिनिटं, उरेल जेमतेम एक टक्का. गॅलियम ६८ चं ६८ मिनिटं, हजारातला एक भागही नाही. त्यामुळे आयोडीन १३१ मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतून निघून दूरच्या गावी जाऊ शकतं. गॅलियम मात्र जिथे स्कॅन तिथेच जनरेटरमधून, म्हणजे जर्मेनियमपासून गॅलियम तयार होत राहतं अशा उपकरणातून, काढावं लागतं. त्या जनरेटरमधल्या जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवस, म्हणून एक जनरेटर बरेच महिने चालतो. आणि रुग्णाला औषधापर्यंत जावं लागतं.

पण जाऊन राहण्याचा हिशेब बरोबर उलटा आहे. गॅलियमचं इंजेक्शन दिल्यावर तासाभराने पेट (पीईटी) स्कॅन, दुपारी मोकळे. दादाचं सकाळी झालं आणि रात्रीच्या गाडीने आम्ही परतलो. आयोडीन १३१ च्या एमआयबीजीला २४ तासांनी, ४८ तासांनी, कधी ७२ तासांनीही चित्रं घेतात, म्हणजे मुंबईत तीन-चार दिवस काढायचे. त्याआधी थायरॉइड वाचवायला आयोडीनचे थेंब सुरू करायचे. चित्रही पेट स्कॅनइतकं रेखीव नसतं. आयोडीन १३१ ची मात्रा जपून, थोडीच द्यावी लागते आणि त्याचे किरण कॅमेऱ्याला जड जातात. आयोडीन १२३ ने चित्र पुष्कळ चांगलं येतं आणि २४ तासांत काम होतं, पण ते सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रात, बनतं आणि आपल्याकडे रोजच्या वापरात १३१ च आहे.

औषधांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घरच्यांना कुणी ती सांगत नाही. लॅबेटालॉल ही बीपीची गोळी, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या, सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन, ही सगळी एमआयबीजीला गोदामात शिरू देत नाहीत. गाठ असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो. म्हणून घरातल्या गोळ्यांचा डबा आहे तसा उचलून डॉक्टरांपुढे ठेवा, खोकल्याच्या बाटलीसकट. मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. या आजारात बीपीचं औषध अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. गॅलियमला ही अडचण नाही.

एक प्रसंग सांगतो. गॅलियमच्या आधी आम्ही एका केंद्रात एमआयबीजीसाठी चौकशी केली होती. तिथे भरलेल्या कागदावर शेवटचं अक्षर चुकून ‘आय’ पडलं. एमआयबीआय. तो वेगळाच स्कॅन आहे, टेक्नेशियमचा, हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते पाहण्याचा, आणि त्यासाठी पेशंटला बहुतेक वेळा ट्रेडमिलवर चालवतात किंवा हृदयावर ताण देणारं औषध देतात. खिडकीपाशी बसलेल्या टेक्निशियन बाईंनी फाईल चाळली, निदानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ह्यांना चालवायला कोणी सांगितलं?” अशी गाठ असलेल्या माणसाच्या हृदयावर ताण देणं धोक्याचं. दादा शर्टाची वरची बटणं सोडून तयार बसला होता. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. कागदावरचं शेवटचं अक्षर स्वतः वाचा.

हृदयाचा विषय निघालाच आहे, तर शेजारच्या काकांनी विचारलं होतं, “एमआयबीजीनं काळीजसुद्धा दिसतं म्हणे?” दिसतं, पण रक्तपुरवठा नव्हे, हृदयाला जाणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंची टोकं. छातीच्या मधल्या भागाच्या मानाने हृदय किती उजळतं त्याचं एक गुणोत्तर काढतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडमायर-एचएफ अभ्यासात हार्ट फेल्युअरचे ९६१ रुग्ण होते. गुणोत्तर १.६ किंवा जास्त असलेल्यांपैकी १५ टक्क्यांना दोन वर्षांत गंभीर त्रास झाला, त्याखालच्यांपैकी ३७ टक्क्यांना. याच्या पुढची पायरी म्हणजे कार्बन ११ चं हायड्रॉक्सीएफेड्रिन, तेही मिशिगनचंच, पेट स्कॅनवर अधिक नेमकं. पण कार्बन ११ चं अर्धायुष्य २० मिनिटं, सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत हवा. आता फ्लोरिनवरचे नवे ट्रेसर, म्हणजे स्कॅनसाठी टोचायची औषधं, तपासले जात आहेत, ते आले तर जवळच्या शहरातून तरी पाठवता येतील. काकांना मी सरळ सांगितलं: हे मोजमाप आयोडीन १२३ वर बेतलेलं आहे, आणि डिफिब्रिलेटर (हृदयाचा ठोका बिघडला की झटका देणारं यंत्र) बसवायचा की नाही हे आज तरी मुख्यतः इकोमधल्या इजेक्शन फ्रॅक्शनवर, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्यावर, ३५ टक्क्यांच्या रेषेवर ठरतं. त्यासाठी मुंबईला धावू नका, इथल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे इको करा.

गाठीच्या बाबतीत माझं मत विचाराल तर घराण्यात आजार असेल, गाठ ॲड्रिनलबाहेर असेल किंवा पसरल्याची शंका असेल तर गॅलियम. उपचारासाठी १३१ एमआयबीजीचा विचार असेल तर एमआयबीजी, वेळ काढून आणि औषधं तपासून. साध्या एकट्या गाठीत शंका उरली आणि फ्लोरोडोपा मिळत असेल तर ते. निघण्याआधी केंद्राला फोन करून आयसोटोप कुठला, किती दिवस राहायचं, कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि सरकारी योजनेत खर्च बसतो का हे विचारून घ्या, आणि सीटीची सीडी बरोबर ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

दादाच्या स्कॅनवर एकच ठिपका उजळला, उजव्या बाजूला. पंधरा दिवस आल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून बीपी आवरणारं औषध, देऊन मग गाठ काढली. आता तो वाकून सुपारी वेचतो. जनुकाचा रिपोर्ट आला, त्यात तो दोष निघाला, आणि पुढच्या सोमवारी माझं रक्त द्यायचं आहे.