घरच्या रुग्णासाठी युरोबॅग: छापील आकडे नको, तळाची तोटी बघा

मेडिकलमध्ये युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, मागितली की हाताला लागेल ती 2 लिटरची पिशवी मिळते. दिसायला सगळ्या सारख्याच. घरी कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) लावलेलं माणूस असेल तर मात्र ती दिवसातून दोन-तीन वेळा रिकामी करावी लागते, आणि चांगली-वाईट पिशवी तेव्हा कळते.

सगळ्यात स्वस्त पिशव्यांना तळाला तोटीच नसते. भरली की नळी कॅथेटरपासून सोडवायची आणि ओतायची. अशी पिशवी घरी आणूच नका. तो जोड जितक्या वेळा सुटेल, तितक्या वेळा जंतूंना मूत्राशयाची वाट मोकळी होते. तोटीवाल्यांतही ओढून उघडायची तोटी ओल्या हातमोज्यातून सटकते, अर्धवट बंद राहते आणि रात्रभर ठिबकून सकाळी लादी ओली. आडव्या दांड्याची टी-तोटी एका बाजूने दाबली की उघडते, दुसऱ्या बाजूने दाबली की बंद. एका हाताने जमतं, दुसऱ्या हातात भांडं धरता येतं. चार पैसे जास्त गेले तरी हीच घ्यावी.

नळी पिशवीत शिरते तिथे आत लघवी मागे न जाऊ देणारी झडप हवी; पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. पण झडप आहे म्हणून पिशवी पलंगावर ठेवायची नाही. ती कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता, पलंगाच्या न हलणाऱ्या पट्टीला अडकवायची. वर-खाली होणाऱ्या कठड्याला अडकवली की कठडा उचलताना कॅथेटरला हिसका बसतो.

नळी बोटाभोवती वाकवून बघा. लगेच चपटी घडी पडली तर रुग्ण कुशीवर वळला की ती दुमडणार. पिशवीवरचे मापाचे आकडे अंदाजापुरते. पिशवी फुगली की ते फसवतात. डॉक्टरांनी लघवी मोजायला सांगितली असेल तर मापाच्या भांड्यात ओतून मोजा. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. तेव्हाच तिचं वजन सव्वा किलोच्या वर गेलेलं असतं, आणि तो भार आत मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेल्या कॅथेटरच्या फुग्यावर येतो. म्हणून कॅथेटर मांडीला टेपने, थोडी ढील ठेवून, चिकटवलेलं हवं.

पिशवीत दोन-तीन तास काहीच आलं नाही तर आधी नळीची घडी बघा, ती रुग्णाच्या अंगाखाली दबली आहे का ते बघा. सगळं ठीक असून ओटीपोट फुगलं किंवा दुखू लागलं तर थांबू नका, लगेच डॉक्टर. कॅथेटरच्या कडेने लघवी गळते तेव्हा पिशवीला दोष दिला जातो, पण कारण बहुतेक वेळा आत असतं: गाळ किंवा क्षार साचून अडलेली नळी, मूत्राशयाचे झटके, नाहीतर चार दिवसांची बद्धकोष्ठता. जाड कॅथेटर घालून हे सुटत नाही, उलट झटके वाढू शकतात.

कधी पिशवी आणि नळी चक्क जांभळी होते. घरचे घाबरतात, माल खराब म्हणून परत करायला जातात. तो माल खराब नसतो. लघवीतले काही जंतू निळा आणि लाल रंग तयार करतात आणि तो प्लॅस्टिकमध्ये मुरतो. बद्धकोष्ठता असलेल्या, बरेच दिवस कॅथेटर असलेल्या वयस्कर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. रंगाने अपाय नाही, पण डॉक्टरांना कळवा. ताप, थंडी किंवा अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं तर त्याच दिवशी दाखवा.

एरवी पिशवी 5 ते 7 दिवसांनी बदलायची. हात साबणाने धुऊन, नव्या नळीच्या टोकाला बोट न लावता.

रुग्ण हिंडता-फिरता असेल तर पायाला बांधायची 500 ते 750 मिलिलिटरची पिशवी घ्या, आणि रात्री जोड न सोडवता तिच्याच तळाच्या तोटीला मोठी पिशवी लावा. दोन्हींची तोंडं जुळतात का, हे दुकानातच बघून घ्या.