पेट्रोल शंभरीपार गेलं म्हणून घेतलेली सायकल : दहा महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या आधी सायकल घेतली, आता गणपती येऊन गेले. म्हणजे थंडी, ऊन, पाऊस तिन्ही तिच्यावर काढून झाले. घर कोथरूडला कर्वे पुतळ्याच्या पुढे, ऑफिस शिवाजीनगरला. एका बाजूने सात किलोमीटरच्या आतबाहेर, आठवड्यातले पाच दिवस.

आधी हे कबूल करतो की पेट्रोल ऐंशी रुपयांवर असतं तर मी सायकल घेतलीच नसती. व्यायाम करा, असं डॉक्टर तीन वर्षं सांगत होते. मी हो म्हणायचो आणि स्कूटरला किक मारायचो. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा वाटलं होतं, उतरेल. पुढे कर थोडे कमी झाले, पण आमच्या पुण्यात भाव शंभराच्या खाली काही आला नाही. शेवटी वही घेऊन हिशोब मांडला. शहरातल्या गर्दीत माझी स्कूटर चाळीसचं अॅव्हरेज देते. नुसत्या ऑफिसच्या जाण्यायेण्याला महिन्याला साधारण आठ लिटर, म्हणजे आठशे रुपये.

तेवढ्यावर सायकलचे पैसे अजून वसूल झालेले नाहीत. सायकल अठरा हजारांची, हेल्मेट, कुलूप, दिवे धरून एकवीस. खरी बचत वेगळ्याच ठिकाणी झाली. बायकोची नोकरी सुरू झाल्यावर घरात दुसरी स्कूटर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आता असलेली स्कूटर तिच्याकडे आहे आणि दुसरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता सायकलबद्दल. पुढे तीन आणि मागे सात चक्रं, अशी एकवीस गिअरची आहे. दुकानात एकवीस ऐकायला भारी वाटतं, पण रोज पाचच लागतात. जाताना नळ स्टॉपपर्यंत उतार आहे, पायडल फारसं मारावंच लागत नाही. येताना तोच रस्ता चढ होतो. पहिल्या आठवड्यात ऐन चढावर जोर लावून गिअर टाकला आणि चेन उतरली. मागे बस हॉर्न देत होती, हात काळे झाले. तेव्हापासून चढ लागायच्या आधीच गिअर हलका करून घेतो. पहिल्या महिन्यात गिअरची वायर थोडी ढिली पडते, ती एकदा ताणून घेतली की पुढे त्रास नाही.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघावी, ती म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व्ह. स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हला ती नळी बसतच नाही. माझा जाड आहे, म्हणून फेब्रुवारीत म्हात्रे पुलाजवळ पंक्चर झालं तेव्हा निभावलं. तिथल्या काकांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बारीक बुडबुडे आले. मग टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत काचेचा तांदळाएवढा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा राहिला असता तर संध्याकाळी पुन्हा आला असतात," म्हणाले. आता हवा दर शनिवारी त्यांच्याकडेच बघतो.

पावसाळ्यात सायकलने परीक्षा घेतली. मडगार्ड सोबत येत नाहीत, ते पहिल्याच सरीनंतर बसवले. चेन चार दिवसांत तांबूस झाली. पावसात दर आठवड्याला पुसून तेल द्यावंच लागतं, एरवी पंधरा दिवसांनी चालतं. ब्रेकचे रबर एकदा बदलले. मागच्या चाकाला आउट आला होता, म्हणजे ते फिरताना डुगडुगत होतं, तोही काकांनी काढून दिला.

वेळ स्कूटरपेक्षा आठ-दहा मिनिटं जास्त लागतो. घाम येतो, त्यामुळे एक शर्ट ऑफिसच्या कपाटात असतो. सायकल ट्रॅक मध्येच संपतात, नाहीतर त्यांवर गाड्या लावलेल्या असतात. संध्याकाळी मागचा लाल दिवा लावल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. ही भीती खरी आहे आणि ती कमी झालेली नाही. सायकलींचं शहर म्हणून ज्या पुण्याची ओळख होती, तिथे सायकलवाल्याने जीव मुठीत धरून जावं याचं फार वाईट वाटतं.

म्हणूनच मला नेदरलँड्सचं उदाहरण आठवतं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि तिथे रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मोकळ्या हायवेवर लोक सायकली घेऊन उतरले. त्याच सुमारास रस्त्यावर मुलं मरतात म्हणून आईबाप आंदोलनं करत होते. दोन्हींमधून तिथले सायकलचे रस्ते घडत गेले. आपणही लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. महागाईचा हा धडा आपल्याला रस्त्यावर दिसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

भाव वाढला ते बरंच झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. दिवसभर गाडीवर फिरून डिलिव्हरी करणाऱ्या पोराला सायकलचा पर्याय नाही. डिझेल वाढलं की भाजी महागते, ती आम्हालाही महागच मिळते. मी फक्त माझ्यापुरतं सांगतोय. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.३ होती, ती जुलैच्या रिपोर्टमध्ये ५.८ आली. गुडघे कुरकुरतील असं वाटलं होतं, पण जिना चढताना आता दुखत नाहीत. सीट नीट उंचीवर हवी एवढंच, पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलीने पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली तिची सायकल स्वतःच पुसून काढली. दोन्ही टायर बसले होते. शनिवारी माझ्यासोबत तीही काकांकडे आली. त्यांनी हवा भरली, तिला सीटवर बसवून पाय बघितला आणि म्हणाले, "पोरगी वाढली की." मग पाना घेऊन तिची सीट चार बोटं वर चढवून दिली.