खांदे टेकवायला शिकवणारा वर्ग : कोल्हापुरातल्या ग्रॅपलिंग क्लासबद्दल

कोल्हापूरचा पैलवान पाठ द्यायला घाबरत नाही. चितपट होऊ नये म्हणून तो पालथा होतो, कोपरं अंगाशी घेऊन मातीला चिकटून बसतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबागेत या बचावावर कित्येक कुस्त्या वाचल्या असतील. सबमिशन ग्रॅपलिंगमध्ये, म्हणजे पकड घालून समोरच्याला हार मानायला लावायच्या खेळात, मात्र हीच सवय गळ्याशी येते. कुस्तीत गळा आवळायला मनाई आहे, इथं ती पकड चालते.

शहरातल्या या छोट्या वर्गात महिनाभर एकच डाव घोटून घेतात : रिअर नेकेड चोक, म्हणजे पाठीमागून मानेला घातलेली पकड. तालमीतून येणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा.

सुरुवात टॅपपासून, म्हणजे हार मानली हे थाप मारून सांगण्यापासून होते, आणि ते योग्यच आहे. ही पकड नीट बसली तर श्वासनलिकेवर नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. साधारण आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते, तीही फारसं न दुखता. दुखणं सोसायची सवय असलेला पैलवान दुखायची वाट बघत राहतो आणि टॅप करायला उशीर करतो. हात अडकले असतील तर पाय आपटायचा किंवा तोंडानं सांगायचं, हेही इथं घोटून घेतात.

पकड घालताना उजवा हात खांद्यावरून, डावा काखेतून. दोन्ही पायांच्या टाचा समोरच्याच्या मांड्यांच्या आतून अडकवायच्या. उजव्या हाताचं कोपर बरोबर हनुवटीखाली आलं पाहिजे, म्हणजे मानेच्या एका बाजूला दंड आणि दुसऱ्या बाजूला पुढचा हात बसतो. मग उजवा पंजा डाव्या दंडावर, डावा पंजा डोक्यामागं. नुसतं मनगट ओढलं की घशावर दाब येतो, समोरचा खोकतो, पण पकड लागत नाही. कोपरं जवळ आणून छाती फुगवायची. पायांची कात्री समोरच्याच्या पोटापुढं घातली तर तो त्यावर स्वतःचा पाय टाकून घोट्याला कुलूप लावतो. ही चूक शिक्षक लगेच पकडतात.

वर्गाची खरी किंमत तोडीत, म्हणजे या पकडीतून सुटण्यात आहे. हनुवटी खाली घेऊन दोन्ही हात गळ्यावरच्या हातावर, मनगट छातीकडं ओढून धरायचं. मागचा पंजा डोक्यामागं गेलाच तर आधी तो सोडवायचा, मनगट किंवा चार बोटं एकत्र धरून. एकच बोट पिरगाळायचं नाही. त्यानंतर ज्या बाजूनं पकड घालणाऱ्याचा हात काखेतून आलाय त्या बाजूला सरकून पाठ आणि खांदे मॅटला टेकवायचे, खालचा पाय मोकळा करायचा, कंबर त्याच्या पायावरून पलीकडं न्यायची आणि मगच त्याच्याकडं वळायचं. खांदे टेकवणं हे पैलवानाच्या अंगात हार म्हणून बसलेलं असतं. डोक्याला पटलं तरी पाठ ऐकत नाही, पोरं सवयीनं पालथी होतात आणि पकड आणखी घट्ट बसते. ही सवय मोडायला शिक्षक आठवड्यामागून आठवडे देतात, कंटाळत नाहीत.

काही गोष्टी खटकतात. उभ्यानं घालायची पकड एका संध्याकाळीत उरकतात. मान अडकलेली असताना जोडी मागं कोसळली तर मणक्याला इजा होऊ शकते, त्याला वेळ द्यायला हवा. शाळकरी मुलं मोठ्यांबरोबर एकाच बॅचमध्ये आहेत, त्यांना गळ्याची पकड अजिबात शिकवू नये. कुणाची शुद्ध गेलीच तर काय करायचं, हेही पहिल्या दिवशीच सांगायला हवं : पकड लगेच सोडायची, कुशीवर आडवं करायचं, तोंडात पाणी घालायचं नाही, त्या दिवशी त्याची लढत बंद. काही सेकंदांत शुद्ध आली नाही तर सरळ दवाखाना.

सरावात उजव्या हाताची पकडच जास्त चालते. जोडीदाराला सांगून डाव्या हाताचीही तितकीच मागून घ्यावी.