पत्ता आमचा, टपाल मात्र दुसऱ्याच्या हाती

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. गेल्या वर्षी पुण्यातील एका जुन्या ग्राहकाने आमच्या बिलाचे ३,८०,००० रुपये भलत्याच खात्यात भरले, कारण बँक खाते बदलल्याचे पत्र त्यांना आमच्याच ई-मेल पत्त्यावरून गेले होते. ते आम्ही पाठवलेले नव्हते.

पासवर्ड फुटलेला नव्हता. वेबसाइटचे काम पाहणाऱ्या माणसाने डोमेन (ई-मेल पत्त्यात @ नंतर येणारे नाव) स्वतःच्या नावावर घेतले होते आणि ते कंपनीच्या नावावर असल्याचे सांगून तो दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे घेत होता. डोमेन ज्याच्या ताब्यात, डीएनएसमधील, म्हणजे त्या डोमेनची वेबसाइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या यादीतील, नोंदीही त्याच्याच ताब्यात. आपल्याला कोणी मेल पाठवला की पाठवणारा सर्व्हर आधी आपल्या डोमेनची एमएक्स नोंद विचारतो. उत्तरात मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरांची नावे आणि प्रत्येकाचा प्राधान्याचा आकडा येतो, आणि ज्याचा आकडा सर्वांत लहान, त्याच्याकडे मेल आधी जातो. आमच्या सर्व्हरचा आकडा १० होता. त्याच्या वर ५ आकडा असलेली, आम्ही कधी न ऐकलेल्या सर्व्हरची ओळ घातलेली होती. आमचा सगळा पत्रव्यवहार आधी तिथे उतरत होता आणि मग पुढे आमच्याकडे धाडला जात होता, त्यामुळे मेल कधी बंद पडला नाही. काही पत्रे स्पॅममध्ये जात, एवढेच जाणवे. या ग्राहकाची बिलाविषयीची पत्रे तेवढी वाटेत अडवली गेली.

अधिक संतापजनक म्हणजे एसपीएफ नोंदीतही, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे हे सांगणाऱ्या नोंदीतही, तोच सर्व्हर अधिकृत म्हणून लिहिला होता, म्हणून ग्राहकाच्या बाजूने तपासणी झाली तेव्हा बनावट पत्र खरे ठरले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

डोमेनच्या पावतीवर विसंबू नका. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्यात स्वतः लॉग इन करून मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. एमएक्स नोंद विंडोजमधील एनएसलुकअप आदेशाने कोणालाही पाहता येते. आलेल्या मेलचे पूर्ण हेडर (मेलच्या प्रवासाच्या नोंदी असलेला, एरवी न दिसणारा भाग) उघडून ‘रिसीव्ह्ड’ ओळी खालून वर वाचल्या की तो कुठून कुठे फिरला हे कळते. आमच्या हेडरांत तो परका सर्व्हर उघड दिसत होता. खाते बदलल्याचे पत्र आले, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, परंतु तोवर रक्कम काढली गेली होती. आता नवे डोमेन कंपनीच्या नावावर घेतले आहे. जुने अजून त्याच माणसाकडे असल्यामुळे त्या पत्त्यावर कोणी लिहिले, तर ते पत्र आजही तो ठरवील त्या सर्व्हरवर जाते.