स्पेक्ट्रम प्लस आणि टेपरेकॉर्डर: आठ महिन्यांनंतर, एका स्क्रूबद्दल

परवा रात्री माझ्या स्पेक्ट्रम प्लसवर (कॅसेटवरून प्रोग्रॅम घेणारा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक) एक प्रोग्रॅम पाच मिनिटं लोड होऊन शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’ आला, म्हणजे कॅसेट नीट वाचली गेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो. ४८ के (मेमरी), ‘लोड’ (कॅसेटवरून प्रोग्रॅम घेणं), ‘सेव्ह’ (कॅसेटवर भरणं), यावर जास्त सांगत नाही.

सुरुवातीला मी कॅसेटना दोष दिला. सी-९०ची टेप पातळ म्हणून सी-६० आणल्या. आवाज पाऊणवर, ट्रेबल पूर्ण. सेव्ह करताना ‘इअर’ची (टेपचा आवाज संगणकात नेणारी) पिन काढायची, तेही पाळलं. तरी विकतच्या जुन्या कॅसेट लोड होईनात. मी स्वतः सेव्ह केलेल्या मात्र दरवेळी यायच्या, म्हणून यंत्र ठीक आहे असं धरून चाललो. तिथेच चुकलो.

दुरुस्तीवाल्याने हेड (टेप वाचणारा भाग) बदलायचे बाराशे सांगितले. अख्खा टेपरेकॉर्डर मी जुन्या बाजारातून चारशेला आणलाय! तसाच घरी परत आणला. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. विकतची कॅसेट लावली, डेटाची खरखर ऐकत तो पाव फेरा फिरवला. घोगरा आवाज एकदम लख्ख, कान टोचेल असा झाला. कॅसेटवर डेटा म्हणजे शून्य आणि एक यांचे आवाज: शून्याचा साधारण दोन हजार हर्ट्झचा, एकचा त्याच्या निम्मा; हेड तिरकं असलं की वरचा आधी दबतो. ब्लॉकच्या (डेटाच्या एका सलग तुकड्याच्या) शेवटी तपासायला एकच पॅरिटी बाइट (पडताळ्याचा आकडा), त्यामुळे एक बिट हुकलं तरी सगळा ब्लॉक वाया. आता मात्र पडद्याच्या कडेला लोड होतानाच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या अखंड धावल्या आणि पहिल्याच फटक्यात लोड झालं. इतका आनंद मला नव्या फोनने दिलेला नाही.

आणि मग माझ्या स्वतःच्या कॅसेट बंद पडल्या. त्या सगळ्या तिरक्या हेडनेच भरलेल्या! सहा महिन्यांचं काम. स्क्रू अंदाजाने मागे फिरवत जुनी जागा शोधली, बायकोच्या नेलपॉलिशने दोन्ही जागांवर खूण केली. तिरक्या जागी लोड, सरळ जागी सेव्ह, मग ‘व्हेरिफाय’ (नीट भरलं का ते तपासणं). बावीस प्रोग्रॅम, तीन रात्री. एकवीस आले. राहिलेला किराणा हिशेबाचा होता.

परवाचा एरर? स्क्रू आपोआप थोडा सरकला होता. आता त्यावरच नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का केलाय. तुम्ही हात लावणार असाल तर आधी जुन्या जागेची खूण करा, मगच पेचकस उचला.