‘कनेक्शन’ कुठं संपतं? कोल्हापुरातल्या एका फायबर कराराचं परीक्षण

कोल्हापुरातल्या एका स्थानिक इंटरनेट कंपनीचा 100 एमबीपीएसचा घरगुती फायबर प्लॅन आणि जोडणीच्या वेळी सही करून घेतला जाणारा चार पानी करार, असं हे दोन्हींचं परीक्षण आहे. सेवा चांगली आहे, करार मात्र तिच्या तोडीचा नाही. अटींमध्ये ‘कनेक्शन’ हा शब्द जागोजागी येतो, पण ते कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे एकाही पानावर लिहिलेलं नाही.

दुरुस्तीचं बिल कुणी भरायचं, हे याच शब्दावर ठरतं. कंपनीच्या ओएलटीतून (कंपनीकडच्या मुख्य यंत्रातून) फायबर निघते, खांबावरच्या डबीत स्प्लिटरमधून (प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागातून) फुटते, तिथून ड्रॉप वायर, म्हणजे घरापर्यंतची शेवटची तार, घरात येऊन ओएनयूला (प्रकाशाचं इंटरनेट सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या छोट्या डब्याला) लागते आणि त्यापुढं राउटर असतो. जबाबदारी डबीपाशी संपते असं धरलं, तर ड्रॉप वायर ग्राहकाची. मग महाद्वार रोडवर मिरवणुकीत आडवी वायर तुटली, की नवी वायर, जोड आणि मजुरी सगळं त्याच्या माथी. जबाबदारी ओएनयूच्या लॅन पोर्टपाशी, म्हणजे राउटरची केबल लागते तिथं, संपत असेल, तर हे सगळं कंपनीकडं आणि फक्त राउटर-वायफाय ग्राहकाकडं. घरगुती जोडणीला ही दुसरी व्याख्याच न्याय्य आहे. तुटलेली फायबर जोडायला स्प्लायसिंग मशीन, म्हणजे तंतू सांधणारं यंत्र, लागतं. ग्राहकाला हात लावता येत नाही अशा वस्तूची जबाबदारी त्याच्यावर टाकणं चूक. म्हणून सही करण्याआधी फॉर्मवर हे वाक्य हातानं लिहून शिक्का मारून घ्या: ‘कनेक्शन म्हणजे कंपनीच्या ओएलटीपासून ग्राहकाच्या जागेतील ओएनयूच्या लॅन पोर्टपर्यंतचा संपूर्ण मार्ग, ड्रॉप वायर, जोड व ओएनयूच्या अडॅप्टरसह.’

दुसरी अडचण ‘चालू कनेक्शन’ या शब्दाची. करारात त्याचा अर्थ ‘सिग्नल उपलब्ध असणे’ एवढाच आहे. सिग्नल किती, हा आकडा नाही. जीपॉन, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या या तंत्राच्या, नेहमीच्या क्लास बी प्लस उपकरणांत ओएनयूला उणे 8 ते उणे 27 डीबीएम एवढा प्रकाश मिळायला हवा (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). हिशोब सोपा आहे. ओएलटीतून 3 डीबीएम निघाले, एकामागे एक दोन 1:8 स्प्लिटरमध्ये सुमारे 21 डीबी गेले, चार किलोमीटर फायबरमध्ये 1 आणि जोड-कनेक्टरमध्ये 2 डीबी, तर घरी उणे 21 उरतात. जोडणीच्या दिवशीच मीटर उणे 26 दाखवत असेल, तर लाइट हिरवा दिसला तरी ती जोडणी काठावर आहे. कपाटामागं पॅचकॉर्ड (ओएनयूला लागणारी छोटी फायबर वायर) चेपली किंवा एखादा जोड ढिला पडला, की एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल लाइट लागलाच. हिरव्या एपीसी (तिरक्या टोकाच्या) कनेक्टरला निळी यूपीसी (सरळ टोकाची) पॅचकॉर्ड लावणं ही तर रोजची चूक. ती बसते, पण प्रकाश वाया जातो. लाइनमनकडं पॉवर मीटर असतोच. आकडा वाचून फॉर्मवर लिहायला सांगा आणि ‘उणे 25 च्या खाली गेल्यास दोष समजावा’ अशी अट मागा.

वेगाच्या कलमात ‘100 एमबीपीएसपर्यंत’ आहे. ‘पर्यंत’ म्हटलं की 5 सुद्धा करारात बसतात. जीपॉनच्या एका पोर्टचा 2.5 जीबीपीएस वेग 64 घरांत वाटला, तर सगळे एकदम बसल्यावर घरटी सुमारे 39 येतात. सगळे एकदम बसत नाहीत म्हणून हे चालतं, त्यात फसवणूक नाही. पण रात्री नऊ ते अकरा किमान किती, हे लिहिलेलं हवं. मोजायचं कुठं, हेही हवं. या करारात मोजणी कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे. तिथं आकडा नेहमी पूर्ण येतो, मुंबईकडची लाइन भरलेली असली तरी. केबलनं, गिगाबिट पोर्टवर, एकदा कंपनीच्या आणि एकदा मुंबईतल्या सर्व्हरवर मोजा. जुन्या राउटरचा 100 चा पोर्ट 95 च्या आसपासच अडतो, तो दोष लाइनचा नाही. डाउनलोड 12 एमबी सेकंदाला दिसतं म्हणून भांडायलाही जाऊ नका: 100 मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट.

‘अनलिमिटेड’ची मर्यादा 3300 जीबी, बारीक अक्षरात. पूर्ण वेगानं सलग चालवलं तर ती तीन दिवस आणि थोड्या तासांत संपते. घरगुती वापराला पुरते. खटकतं ते पुढचं: मर्यादेनंतर वेग 1 एमबीपीएस. दूरसंचार विभागाच्या जानेवारी 2023 च्या व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणजे किमान 2 एमबीपीएस डाउनलोड. म्हणजे ज्या नावानं सेवा विकली, ते नावच महिनाअखेर तिला लागू होत नाही.

‘आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता) मिळेल’ या ओळीवर दुकानदारांनी थांबावं. राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर 100.64 ते 100.127 यांमध्ये सुरू होणारा आकडा दिसला, तर तो सीजीनॅटचा, अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता आहे. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून राउटरमधून थेट वाट, कितीही केलं तरी त्या वाटेनं बाहेरून कॅमेरे दिसणार नाहीत. करारात ‘पब्लिक’ (बाहेरून थेट गाठता येणारा) आणि ‘स्टॅटिक’ (न बदलणारा) हे दोन्ही शब्द वेगवेगळे हवेत. पब्लिक पत्ताही रोज बदलू शकतो.

उपलब्धता 99.5 टक्के लिहिली आहे. महिन्याला मोजली तर 3.6 तास, वर्षाला मोजली तर जवळजवळ 44 तास सेवा बंद राहू शकते, आणि तेही सलग. कालावधी लिहिलेला नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याला हा फरक आठ तासांच्या पाच पाळ्यांचा आहे. त्याहून वाईट म्हणजे अपवादांच्या यादीत पुरासोबत ‘पाऊस’ही आहे. ऑगस्ट 2019 किंवा जुलै 2021 सारखा पंचगंगेचा पूर हा खरा अपवाद, त्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही. पण जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पाऊस असणारच. काचेच्या तंतूला पावसानं काही होत नाही. पाणी शिरतं ते नीट सील न केलेल्या जॉइंट क्लोजरमध्ये (जोड झाकणाऱ्या डबीत), आणि तो कामातला दोष आहे. हा शब्द खोडूनच सही करावी.

तक्रारीचं कलम बरं आहे. फोन केल्यावर डॉकेट (तक्रारीचा) नंबर मिळतो, अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता छापलेला आहे. तक्रार फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लाइनमनला टाकली तर नंबर मिळत नाही आणि अपील अडतं, एवढं लक्षात ठेवा. ‘ग्राहक आयोगात जाता येणार नाही’ या ओळीला मात्र अर्थ नाही. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

किंमत 499 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 588 रुपये 82 पैसे. घरासाठी, वरचं हातानं लिहिलेलं वाक्य घेऊन, प्लॅन घ्यायला हरकत नाही. कारखान्यासाठी आहे त्या करारावर घेऊ नये. ओएनयूच्या डिपॉझिटची पावती घेताना तिच्यावर उपकरणाचा सीरियल नंबर लिहून घ्या; जोडणी बंद करताना ‘हा आमचा नव्हे’ म्हणून पैसे अडतात ते तिथंच.